झाकण न लावता

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! सामान कालच येऊन पडलं होतं, आम्ही दोघं आज सकाळी पोचलो. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी ही एवढी मोठी खिडकी. मी त्या खिडकीवर भाळून घर भाड्याने घेतलं. बाबा भाळले लिफ्टवर. घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी लिफ्ट तीनदा खाली-वर करून पाहिली. चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, सवय जाते कुठे! तिसऱ्या खेपेला निकाल दिला की दुसऱ्या मजल्यावर ती दोन बोटं खाली थांबते आणि एक दिवस कुणीतरी तोंडावर आपटणार. मालकांना कळवते म्हटलं, तर म्हणाले, त्यांना कशाला त्रास, मी बघतो की. वय बहात्तर आणि म्हणे मी बघतो की.

आई जाऊन सहा वर्षं झाली. धाकटी बहीण लग्न करून लांब गेली, रविवारी तिचा फोन असतो. उरलो आम्ही दोघं. मला इथे नोकरी लागली तेव्हा बाबा येतील की नाही म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी फक्त विचारलं, तिथे खिडकीशी खुर्ची मावेल ना? मावली. वेताची आहे, आईच्या हातची गादी तिच्यावर. आता ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारतायत आणि मला खोकी उघडायचं सोडून हसत बसावं लागतंय.

६ मार्च, गुरुवार

नोकरी झकास आहे. घरं विकणारी कचेरी, आणि मी त्या घरांचे फोटो काढायचे. रिकाम्या खोल्या, स्वच्छ ओटे, पडद्यातून येणारं ऊन. माणूस म्हणून कुणी चौकटीत यायला नको, ही पहिली अट. आमच्या मॅडमचं म्हणणं असं की घर बघणाऱ्याला तिथे स्वतःला कल्पून बघायचं असतं, दुसऱ्या कुणाची चप्पल दिसली तरी त्याचं मन उडतं. मला पटलं.

कॅमेरा माझा स्वतःचा. मिररलेस. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि आरसा कुठाय म्हणून विचारलं. मी सांगितलं की जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे आरसा असायचा, फोटो काढताना तेवढ्यापुरता वर उचलला जायचा. यात तो नाहीच. भिंगामागे थेट सेन्सर, म्हणजे लाखो बारीक ठिपक्यांची एक पट्टी, ती सतत बघत असते, आणि आपण डोळा लावतो तिथे दिसतो तो तिच्यावरून बनवलेला छोटा पडदा. बाबा म्हणाले, म्हणजे आपल्याला खरं काही दिसतच नाही, हा सांगेल ते दिसतं. मी म्हटलं, तुमच्या लिफ्टमध्ये तरी काय, आकडा सांगेल तोच मजला. तर म्हणाले, लिफ्टचं दार उघडतं, बाहेर बघता येतं. यांच्याशी बोलण्यात जिंकायची सोय नाही.

११ मार्च, मंगळवार

दोन दिवस एका लाल ठिपक्याने डोक्याला ताप दिलाय. प्रत्येक फोटोत, उजवीकडे वर, मोहरीएवढा. पांढऱ्या भिंतींचे फोटो काढणाऱ्या बाईच्या नशिबी लाल ठिपका! आधी वाटलं धूळ. रबरी फुंकणीने सेन्सर फुंकला, ठिपका तिथेच. लेन्स बदलली, तिथेच. म्हणजे सेन्सरचाच एखादा ठिपका अडकून बसलाय. बाबांना सांगितलं तर त्यांची कळी खुलली. बिघाड म्हटलं की त्यांची दहा वर्षं कमी होतात. म्हणाले, पुस्तिका काढ, पहिल्या पानापासून वाच. साडेचारशे पानं आहेत, म्हटलं. म्हणाले, मग आजच सुरुवात कर.

१२ मार्च, बुधवार

ठिपका गेला. आणि पुस्तिका न वाचता गेला, हे मी बाबांना दिवसभरात चारदा ऐकवलं.

कॅमेऱ्यातच एक सोय असते, पिक्सेल मॅपिंग. आपण बटण दाबायचं, कॅमेरा स्वतःच स्वतःचे सगळे ठिपके तपासतो. जो चुकीचा उजळ दिसेल त्याला दोषी ठरवून यादीत टाकतो, आणि पुढे त्या ठिपक्याचं काही ऐकत नाही. त्याची जागा शेजारच्या ठिपक्यांच्या रंगाने भरून काढतो. सगळं मिळून अर्धा मिनिट. सकाळी बाबा आंघोळ करून पांढरा सदरा घालून खिडकीशी बसले होते, अंगावर ऊन, बाकी खोलीत मी पडदे ओढलेले. डोळ्यावर फोकस नीट बसतोय का ते बघायला मी त्यांनाच धरलं होतं, कॅमेरा ट्रायपॉडवर. त्यातच आठवलं म्हणून मॅपिंग चालू केलं. बाबांनी विचारलं, हलू का? म्हटलं, हला की, फोटो नाही काढत. ते हललेच नाहीत. तोंड भरून हसत, डावा हात मांडीवर, उजव्या हाताचं ते दारात चेमटलेलं वाकडं बोट खुर्चीच्या हातावर टेकवून बसून राहिले. फार गोड दिसत होते.

१४ मार्च, शुक्रवार

परवाचे फोटो आज बघितले. मॅपिंगनंतर बाबांचे पाच-सहा काढले होते, ट्रायपॉडवरूनच, डोळा न लावता. सगळ्यांत खुर्ची रिकामी.

मला वाटलं, ते उठल्यावर दाबलं असेल. मी काही कमी वेंधळी नाही. पुन्हा बसवलं त्यांना. छोट्या पडद्याला डोळा लावला, खुर्ची रिकामी. डोळा काढला, बाबा कान खाजवतायत. परत लावला, वेताची पाठ, आईची गादी, तिच्यावर ऊन. पाच-सहादा तसंच केलं. बाबा म्हणाले, हे काय मान हलवणं चाललंय?

फोटो मोठा करून पाहिला. वेताची वीण सलग आहे, फक्त ज्या रेषेवर बाबांचा खांदा असायला हवा तिथे किंचित मऊ पडलीय. चांगल्या हाताने रफू केलं की कापडावर जितपत कळतं तितपत. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, चला, ओळखपत्राच्या फोटोची कटकट गेली. आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच हसले.

१५ मार्च, शनिवार

बाबांनी शिस्तीत तपासायला लावलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खुर्ची भिंतीशी नेली, बाबा नाहीत. लेन्स बदलली, नाहीत. बिघाड सेन्सरच्या ठरावीक जागेत असेल तर त्या जागी दुसरं कुणी बसलं तरी पुसलं जायला हवं. म्हणून मी स्वतः बसले, फोटो बाबांनी काढला. मी आहे, अर्धवट उघड्या तोंडासकट. खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू बाबांना बोलवायला वर आल्या होत्या, त्यांचं मशीन अडलंय. त्यांना बाबांशेजारी उभं केलं. फोटोत काकू एकट्याच. त्यांच्या अंगावरच्या एप्रनची फुलं मात्र बाजूला पसरत गेलेली, अगदी बाबांच्या उंचीपर्यंत.

मग मोबाइलने काढून पाहिलं. त्या बिचाऱ्याने ना मॅपिंग केलं, ना त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध. त्यातही तेच. बाबा तोवर पाना-पेचकस घेऊन काकूंच्या मशीनकडे गेले होते. दोन तास तिथे होते, खालून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणून मला धीर राहिला.

१८ मार्च, मंगळवार

कॅमेरा दुरुस्त करणारे एक गृहस्थ कचेरीच्या मागच्या गल्लीत बसतात. कपाळावर कायम एक भिंग अडकवलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात. मी सगळं सांगितलं, म्हणजे बाबांचं सोडून सगळं. त्यांनी कॅमेरा हातात न घेताच विचारलं, मॅपिंग करताना लेन्सचं झाकण लावलं होतं ना?

नव्हतं लावलं.

त्यांनी समजावून सांगितलं, रागावले नाहीत. मॅपिंग अंधारात करायचं असतं. झाकण लावलं की कॅमेऱ्यासमोर पूर्ण काळोख, त्या काळोखात जो ठिपका उजळ दिसेल तो खोटा. झाकण उघडं राहिलं तर समोर जे काही उजेडात असेल ते सगळं कॅमेरा दोष म्हणून लिहून घेतो. पुस्तिकेत पहिल्याच ओळीत दिलंय, म्हणाले. मी कपाळाला हात लावला. अंधारलेली खोली, आणि उजेडात होते ते फक्त बाबा.

कॅमेरा ठेवून जा म्हणाले. घरी येताना मी रस्त्यात दोनदा थांबले. बाबांनी सांगितलं होतं ना, पुस्तिका वाच म्हणून. एक ओळ वाचली असती तर!

२१ मार्च, शुक्रवार

धाकटीच्या लग्नातला फोटो भिंतीवर आहे. आम्ही चौघं, आई आणि माझ्या मधे बाबा, आईने त्यांच्या दंडाला धरलेलं. आज धूळ पुसायला उतरवला. तिघीच. मी आणि आई खांद्याला खांदा लावून, आणि आईचा हात माझ्या दंडावर.

लपवून ठेवणार होते, पण बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितला. म्हणाले, बरं आहे, तुला तरी धरलंय तिने. मग आत जाऊन चहा टाकला. मला तिथेच बसून रडू आलं, आणि रडताना एकच विचार, बाबांना ऐकू जाऊ नये.

२२ मार्च, शनिवार

जिन्यात काकू भेटल्या. मशीन लोण्यासारखं चालतंय म्हणाल्या, तुझ्या हाताला काय गुण आहे गं, आणि एवढं शिकलीस कुठे? मी म्हटलं, मी नाही, बाबांनी केलं, दोन तास तुमच्याकडे बसून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या शेजारीच बाबा उभे होते, हातात पिशव्या. काकूंनी माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाल्या, एकटीने राहणं सोपं नसतं बाळा, कधीही खाली येत जा. आणि बाबांच्या इतक्या जवळून गेल्या की त्यांना भिंतीला चिकटावं लागलं.

२३ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. तिने बाबांना फोन दे म्हटलं नाही. मीच म्हटलं, बोल बाबांशी. तिने हळू आवाजात विचारलं, ताई, तू बरी आहेस ना?

मी तिला आठवण करून दिली. सायकल कुणी शिकवली तुला? सीट धरून मैदानाला चकरा कुणी मारल्या? ती हसली. म्हणाली, तूच की! धापा टाकत पळत होतीस आणि सोडलं नाही सोडलं नाही म्हणत सोडून दिलंस. मी तर तेव्हा नऊ वर्षांची होते. मलाच सायकल येत नव्हती. ती सहज बोलून गेली, आणि मला तिच्या बोलण्यात कुठे फटसुद्धा सापडली नाही. बाबांच्या जागी सगळीकडे मी भरले जातेय. त्यांच्या सगळ्यांत जवळ मीच ना.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेव अशी खूण केली. म्हणाले, उगाच तिच्या जिवाला घोर नको.

२६ मार्च, बुधवार

आज लिफ्टचं दार बाबांच्या खांद्यावर मिटलं. दारात एक डोळा असतो, मधे कुणी आलं की दार थांबतं. तो बाबांसाठी थांबला नाही. मी आतून बटण दाबलं म्हणून बचावले. खांदा काळानिळा झालाय. गरम पाण्याने शेकून दिला.

इतके दिवस हसण्यावारी नेणारे बाबा आज पहिल्यांदा खचले. म्हणाले, हा डोळा बसवायला मी शिकलो तेव्हा तू पाळण्यात होतीस. त्यांचं वाकडं बोट माझ्या हातात होतं. मी ते घट्ट धरून ठेवलं.

२८ मार्च, शुक्रवार

भिंगवाल्यांनी बोलावलं. कॅमेरा त्यांनी संगणकाला जोडला होता. म्हणाले, यादीत किती ठिपके गेलेत ते दाखवतो. काळा पडदा, आणि दोषी ठिपके पांढरे.

बाबा होते. पांढऱ्या ठिपक्यांचे बाबा, खुर्चीत बसलेले. सदऱ्याच्या सुरकुत्या, ओले केस, चष्म्याची काडी, तोंडभर हसू. वाकडं बोट. कुठल्याच फोटोत, कुठल्याच भिंतीवर ते उरले नव्हते, आणि इथे दोषांच्या यादीत जसेच्या तसे. मला रडू आवरलं नाही.

भिंगवाले म्हणाले, कुणीतरी बसलंय. इतक्या दिवसांत दुसऱ्या कुणी बाबांना पाहिलं ते फक्त यांनी. मी सांगितलं, माझे वडील. त्यांनी कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं आणि अदबीने विचारलं, कधी गेले?

मोबाइलने त्या पडद्याचा फोटो घेतला. काळा आला. भिंगवाल्यांनी कागदावर छापून पाहिला, कोरा कागद बाहेर आला. त्यांनी मशीनला नावं ठेवली. आता दोनच रस्ते आहेत म्हणाले. यादी आहे तशी ठेवायची, किंवा संपूर्ण पुसायची. पुसली की परत आणता येत नाही.

३० मार्च, रविवार

कालपासून घरात हाच विषय. पुसली तर कदाचित सगळं मार्गी लागेल, कारण दोषच उरणार नाही. किंवा बाबांची जगात राहिलेली शेवटची खूण माझ्या सांगण्यावरून जाईल. चूक माझी, कॅमेरा माझा, आणि आता हे ठरवायचं तेही मीच.

बाबा म्हणाले, पूस. लिफ्टमध्ये एकदा बिघाडाची नोंद झाली की तार जोडली, मोटार बदलली तरी लिफ्ट हलत नाही, आधी नोंद काढावी लागते. चाळीस वर्षं हेच केलंय मी. मी विचारलं, आणि नाही झालं नीट तर? ते हसले. म्हणाले, मी कुठे जातोय, इथेच तर आहे. मग म्हणाले, थोरले, घाबरू नकोस. लहानपणापासून मला थोरली म्हणतात.

आवाज आज खोल गेल्यासारखा येत होता. मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालात?

धाकटीचा फोन आला. मी उचलला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

पुसली.

मी स्वतः बटण दाबलं. भिंगवाल्यांना म्हटलं, तुम्ही नका, मी दाबते. एक क्षण बाबा पडद्यावर होते आणि मग सगळा काळोख. धावत घरी आले, लिफ्ट सोडून जिन्याने. बाबा खुर्चीत होते. सदऱ्याची बटणं लावून, केस विंचरून तयार. फोटोसाठी.

डोळा लावला. खुर्ची रिकामी. मोठं करून पाहिलं. ती मऊ पडलेली रेघसुद्धा आता नाही. वेताची वीण साफ, एकसारखी, इथे कुणी कधी बसलंच नव्हतं अशी.

बाबांनी माझा चेहरा पाहिला. मी त्यांच्या पायाशी बसले, गुडघ्यावर डोकं ठेवून. माफ करा म्हटलं. कितीदा म्हटलं आठवत नाही. त्यांचा हात डोक्यावर होता. हलका. फार हलका.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी एकच कप चहा केला. प्यायलासुद्धा. मग पुढच्या खोलीत गेले आणि ते दिसले. त्यांच्याकडे बघून मला काही सेकंद, खरंच काही सेकंद —

नियम केलाय. रोज उठल्यावर ही वही पहिल्यापासून वाचायची. मग मोठ्याने हाक मारायची, बाबा! ते ओ देतील. ओ आली की दिवस सुरू.

आज ओ आली. तिसऱ्या हाकेला.

३ एप्रिल, गुरुवार

माहीत आहे ते सगळं लिहून ठेवते. चहात साखर दीड चमचा. उजव्या हाताचं बोट वाकडं. झोपेत घोरतात, विचारलं तर मान्य करत नाहीत. आई गेली त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर त्यांनी घरातले सगळे दिवे लावले होते, आणि मला कवेत घेऊन —

नाही, दिवे मी लावले. मीच लावले होते ना? बटण आठवतंय, बोटाखाली —

धाकटीच्या सायकलच्या मागे बाबा धावत होते. सीट गरम होती उन्हाने. धरलेली आठवतेय. हाताला घाम. सोडलं नाही सोडलं नाही म्हणत मी —

बाबा. बाबा धावत होते. बाबा.

४ एप्रिल, शुक्रवार

वही वाचली. हाक मारली. सहावी, सातवी —

ओ आली. लांबून, खाली कुठेतरी — खुर्ची करकरली पण खुर्चीत —

चेहरा आठवत नाही. चष्मा आहे. चष्म्याच्या मागे —

देवा, इतकं तरी —

५ एप्रिल, शनिवार

आज बरं वाटतंय. भरपूर झोपले. मागची पानं चाळली. घर, नोकरी, लाल ठिपका, कॅमेऱ्याची दुरुस्ती. एकट्या बाईच्या वहीत दुसरं असणार काय! कॅमेरा आता ठणठणीत आहे. मॅडम म्हणाल्या, तुझ्या खोल्या सगळ्यांत छान रिकाम्या दिसतात.

खिडकीतली खुर्ची अडचण करते. काकूंना हवी असेल तर विचारेन.

६ एप्रिल, रविवार, दुपार

घरात कुणीतरी आहे.

पुढच्या खोलीत. दार आतून बंद होतं, मी स्वतः लावलं होतं, तरी — खुर्ची सरकली. खोकला. म्हातारा माणूस. मी आतल्या खोलीची कडी लावून घेतलीय.

धाकटीला फोन केला. ती रडायला लागली. म्हणाली, ताई, काही झालं तरी दार उघडू नकोस, मी पोलिसांना कळवते. फोन चालूच ठेव म्हणाली.

पावलं. दारापर्यंत. हळू टकटक करतोय. दिसायला — दाराच्या फटीतून बघितलं. कुणी नाही. ऊन. नुसतं ऊन.

त्याला माझं घरचं नाव माहीत आहे. थोरले म्हणतोय. कसं — बाहेरच्या कुणालाच ते —

म्हणतोय, घाबरू नकोस. म्हणतोय, नको उघडूस हवं तर, मी इथे बाहेर बसतो, तू फक्त एकदा हाक मार. कसली हाक? कुणाला?

माझ्या डोळ्यांतून पाणी का येतंय — मला भीती वाटतेय म्हणून — आवाज इतका —

धाकटी फोनवर ओरडतेय, गप्प राहा, ओ देऊ नकोस —

खाली बसला. दाराला पाठ टेकवून. आता अगदी हळू बोलतोय. म्हणतोय, पुस्तिका नाही वाचलीस म्हणून मी रागावलो नाही गं. मी रागावलो नाही. म्हणतोय, मी तुझा —